चोविसाव्या घरातला चुकीचा सूर

पत्रिका हातात पडली तेव्हा मी माउंट ऑलिव्ह चर्चच्या तिसऱ्या पायरीवर होते, आणि तिथंच थबकले. वर गॅथराइट सरांचा फोटो, बँडच्या टोपीतला, ओठ घट्ट मिटलेले. खाली जन्म, मृत्यू, अठ्ठ्याऐंशी वर्षं. आत प्रार्थना, भजनं, आठवणी (प्रत्येकी दोन मिनिटं, कृपया भान ठेवावे). आणि अगदी शेवटी: 'ओकूला मार्च. सादरकर्ते: माजी विद्यार्थी. संगीत: डेल हॅडॉक.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांच्या मयताची पत्रिका, सरांनीच बँडसाठी रचलेला मार्च, आणि त्याखाली त्या चोराचं नाव!

"डेनीशा!" मी अशी ओरडले की दारातल्या दोघा म्हाताऱ्यांनी घाबरून हॅट काढल्या.

डेनीशा आता शाळेत बँड शिकवते. पोरगी हुशार आहे, पण जन्मच एक्क्याऐंशी सालचा. पत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून ती धावत आली.

"काय झालं व्हर्लीनताई?"

"हे कुणी छापलं?"

"मीच. शाळेच्या कपाटातल्या प्रतींवर तसंच आहे ना. सगळ्या पानांवर संगीत डेल हॅडॉक."

"आणि तुला वाटलं, ओकूलातली तीनशे काळी माणसं हे वाचतील आणि आमेन म्हणतील? रिटायर झाल्यावरही सर तुला घरी बसवून शिकवत होते ना? एकदा तरी विचारायचंस त्यांना, हा मार्च कुणाचा!"

"विचारलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सर म्हणाले, आधी नीट वाजवायला शीक, नावाचं मग बघू."

हे ते बोलले असणार यात शंका नव्हती. मी क्लॅरिनेटची पेटी काखेत घट्ट धरली आणि पर्समधून पेन काढलं. तीनशे पत्रिकांवरचं नाव तिथल्या तिथं खोडायची माझी तयारी होती. सात-आठ खोडून झाल्या असतील तोवर अर्नेस्टीनबाई आल्या. सरांच्या पत्नी. काळा ड्रेस, काळी हॅट, शहाऐंशी वर्षांचा ताठ कणा.

"पेन आत ठेव, व्हर्लीन."

"बाई, तुम्ही हे वाचलंत का?"

"वाचलं. एकोणचाळीस वर्षं तेच वाचतेय मी. आज खाडाखोड नको. आज मला त्यांना नीट पोचवायचंय."

"आणि तो हॅडॉक आठवणी सांगणार म्हणे?"

"मीच बोलावलंय," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. का बोलावलं ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

हॅडॉक कोण, ते सांगते. आमच्या ओकूला गावातली ट्रेनिंग शाळा, म्हणजे काळ्या मुलांची. तिचा बँड गॅथराइट सरांनी बावीस वर्षं उभा केला. युनिफॉर्म शिवायला आमच्या आया, वाद्यं डागायला सर स्वतः. सत्तर साली कोर्टाचा हुकूम आला, काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिका. एकत्र म्हणजे काय, तर आमची शाळा बंद, आणि आम्ही सगळे गोऱ्यांच्या शाळेत. आमच्या इमारतीत बसगाड्या उभ्या राहिल्या. बँडने जिंकलेले चषक, एक ना दोन, पस्तीस, कचऱ्याच्या गाडीत गेले. ते मी या डोळ्यांनी पाहिलेत. आणि एकोणपन्नास वर्षांचे गॅथराइट सर झाले मदतनीस. कुणाचे? तर एकोणतीस वर्षांच्या डेल हॅडॉकचे. या गृहस्थाला सनई आणि शिट्टी यातला फरक सांगावा लागायचा. आठवड्याभरात त्याने सरांचं संगीताचं कपाट 'शाळेची मालमत्ता' म्हणून उचललं. महिन्याभरात सरांच्या मार्चला 'ओकूला मार्च' नाव पडलं आणि प्रत्येक पानावर सरांच्या सहीवर कागदाची पट्टी चिकटली. पट्टीवर नाव होतं हॅडॉकचं.

असा हा माणूस चर्चच्या मधल्या दारातून आला. अडुसष्टाव्या वर्षीही झकास, निळा सूट, कोटावर शाळेची पिन.

"अरे, व्हर्लीन! तू काही बदलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बदललात? अजून दुसऱ्याच्या घरात पुढच्याच दाराने शिरता."

माझ्यामागे क्लीओफस उभा होता, आमचा ट्रोम्बोनवाला. तो खोकला. तो नेहमी हसू दाबायला खोकतो.

हॅडॉकचा चेहरा तसाच हसरा. सरांना तो एकेरीत, नुसतं ओझेल म्हणायचा. "दोन शब्द बोलायला आलोय. ओझेल माझा उजवा हात होता, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. लिहायचा तो हात आणि सही करायचात तुम्ही."

आता मात्र हसू गेलं. तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ. तो मार्च मी नावारूपाला आणला. ओझेल अठरा वर्षं माझ्या शेजारी बसला, कधी चकार शब्द काढला नाही. तू मात्र गावभर बोंबलत फिरतेस. एखादा कागद आहे तुझ्याकडे? असेल तर दाखव. नसेल तर आज तरी त्याच्या मयतात शोभा करू नकोस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण कागद होता. माझ्या काखेतल्या पेटीत, क्लॅरिनेटच्या मखमली अस्तराखाली, अडतीस वर्षं. आणि तो दाखवायचा तर हॅडॉकच्या आधी माझंच तोंड काळं होणार होतं.

"काय गं, जीभ झडली?" क्लीओफस मला बाजूला ओढत म्हणाला. "त्याला असं सोडलंस? तू?"

मी त्याला गप्प बस म्हटलं आणि बँडच्या खुर्च्यांकडे गेले.

आता जे सांगते ते तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही, आणि तो बिचारा तर वरही गेला.

मी सोळा-सतराची असताना सरांची नक्कल करणारी होते. म्हणजे सर मूळ संगीत लिहायचे आणि त्यावरून प्रत्येक वाद्याचं पान शाईने मी उतरवायचे. माझं अक्षर छान होतं. सरांचे दोन नियम होते. एक, पानावर खाडाखोड केली की शेजारी आपल्या नावाचं अक्षर टाकायचं, म्हणजे चूक कुणी दुरुस्त केली ते कळतं. दुसरा नियम असा की प्रत्येक संगीतात एक सूर मुद्दाम चुकीचा लिहायचा.

हो, मुद्दाम. त्या काळात परेड संपली की दुसऱ्या शाळांचे बँड आमची पानं पळवायचे, रातोरात उतरवायचे आणि पुढच्या परेडला आमचंच संगीत आमच्यासमोर वाजवायचे. म्हणून सर एक सूर खोटा लिहायचे आणि खरा सूर तोंडी सांगायचे. आम्हाला तो पाठ. चोर बिचारा कागदावर आहे तसं वाजवायचा, आणि तो सूर आला की आमचा अख्खा बँड खो खो हसायचा. या मार्चमधला खोटा सूर चोविसाव्या घरात होता. पानावर दोन उभ्या रेघांमधली जागा म्हणजे घर. तिथं बाकी सगळी वाद्यं गप्प होतात आणि तिसरा ट्रोम्बोन एकटाच खाली उतरतो. खऱ्या सुरापेक्षा अर्धा चढा सूर मीच तिथं लिहिला होता, सरांच्या सांगण्यावरून, एकोणसत्तर साली. लिंबू चावल्यासारखा लागायचा तो.

हॅडॉकने पानं उचलली, पण तोंडी सूचना उचलायला तो आमच्यात कुठं होता? क्लीओफसला त्याने झांजा दिल्या आणि ट्रोम्बोनवर तीन गोरी पोरं बसवली. ती पोरं कागदावर होतं तसं वाजवायची. वर्षभर रोज सरावाला तो सूर यायचा. रोज माझे दात शिवशिवायचे. आणि हॅडॉक समोर काठी हलवत असायचा, त्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघायचे.

मग एकाहत्तरच्या एप्रिलमध्ये जॅक्सनला राज्याची स्पर्धा आली. सरावाच्या खोलीत वाद्यं फुंकून तापवत होतो. प्रेक्षकांत सर बसलेले मी दारातून पाहिले, एकटेच, मांडीवर हॅट. माझ्या मनात आलं, राज्यातल्या झाडून सगळ्या बँडमास्तरांसमोर सरांचा मार्च चुकीचा वाजणार. सर ते ऐकणार. मला ते सोसवेना. आणि खोटं कशाला बोलू, हॅडॉक म्हणाला होता की पहिला दर्जा मिळाला तर प्रत्येकाला पदक. मला पदकही हवं होतं. मी तिसऱ्या ट्रोम्बोनच्या स्टँडपाशी गेले, कानामागची पेन्सिल काढली, तो सूर खोडून खरा लिहिला. शेजारी सवयीने अक्षर टाकलं: व्ही. त्या पोराला म्हटलं, उतरवताना चुकलंय, असं वाजव. त्याने मान हलवली.

आम्ही झकास वाजवलं. चोविसावं घर आलं, सूर खरा लागला, माझ्या अंगावर काटा आला. पहिला दर्जा मिळाला.

नंतर बाहेरच्या बोळात मी सरांना शोधत गेले. त्यांच्यासमोर परीक्षकांपैकी एक उभे होते, मेजर ब्रॉडनॅक्स. सैन्याच्या बँडमध्ये सरांचे जोडीदार होते ते, आणि त्या स्पर्धेला बसलेले पहिले काळे परीक्षक. ते म्हणत होते, "ओझेल, तू पत्रात लिहिलंस तसं मी चोविसाव्या घराची वाट बघत बसलो होतो. सूर चुकला असता तर तिथंच हॅडॉकला उभा करून विचारलं असतं, हे असं का लिहिलंय? तुझंच ना? आणि पट्टी सोलायला लावली असती सगळ्यांदेखत. पण काही नव्हतंच रे तिथं."

"नव्हतं," सर म्हणाले.

मग त्यांनी मला पाहिलं. आधी माझा चेहरा, मग माझ्या कानामागची पेन्सिल.

"व्हर्लीन, ती पेन्सिल दे इकडे."

मी दिली. त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि हॅट घालून बसकडे गेले. त्यावर ते माझ्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये पानं गोळा करायचं काम माझं होतं. तिसऱ्या ट्रोम्बोनचं पान मी पोलक्यात घातलं. भीतीने, दुसरं काही नाही. त्या उन्हाळ्यात हॅडॉकने सगळी पानं नव्याने उतरवून घेतली, तिसऱ्या ट्रोम्बोनचं त्या पोराला पाठ होतं त्यावरून, म्हणजे आता खऱ्या सुरानिशी, आणि जुनी शाळेच्या भट्टीत जाळली. उरलं ते एकच पान. पट्टी मी वाफेवर धरून सोलली. खाली सरांची सही आणि तारीख अजून ठसठशीत होती. माझं अक्षर मी रबराने पुष्कळ घासलं. पेन्सिल कडक होती, खूण कागदात बसली होती. पान दाखवायचं म्हणजे ते व्हीसुद्धा दाखवायचं. मी पान अस्तराखाली ठेवलं आणि पुढची अडतीस वर्षं हॅडॉकला शिव्या घालत राहिले. पोस्टातल्या खिडकीमागून, न्हाव्याच्या दुकानापुढून, जिथं जमेल तिथून.

तर आता चर्चमध्ये. हॅडॉक बोलायला उठला. दोन मिनिटं म्हणजे किती ते त्या माणसाला ठाऊकच नाही. ओझेल किती नम्र, ओझेल किती शांत, 'माझा मार्च' बसवताना ओझेलने किती मदत केली. पांढरे हातमोजे घातलेली स्वयंसेविका बाजूला उभी राहिली, तिने एक बोट वर केलं, मग दोन, मग अख्खा पंजा. हा आपला चालूच. लोक पंखे हलवत होते. कुणी आमेन म्हणत नव्हतं. तो खाली बसला तेव्हा पुढच्या बाकावरच्या कुणीतरी "देवा, सुटलो" म्हटलं आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग पास्टरनी माझं नाव घेतलं.

मी काय बोलणार ते आठवडाभर पाठ केलं होतं. सगळं हॅडॉकवर. उभी राहिले, आणि माझी नजर शवपेटीवर गेली. बँडची टोपी वर ठेवलेली. मी क्लॅरिनेटची पेटी उघडली, अस्तर फाडलं, पान बाहेर काढलं.

"मघाशी दारात मिस्टर हॅडॉकनी मला कागद मागितला," मी म्हटलं. "हा घ्या कागद. तिसरा ट्रोम्बोन. वरती सही बघा: ओ. गॅथराइट, नोव्हेंबर एकोणीसशे एकोणसत्तर. तेव्हा हे महाशय ओकूलात आलेही नव्हते."

काय गलका झाला! पास्टर टेबल बडवत होते. हॅडॉक अर्धवट उठला, लालबुंद. "ते... कपाट शाळेचं होतं. मी लहान होतो तेव्हा, मला वरून सांगितलं..."

"बसा खाली!" क्लीओफस गरजला. "एकोणतीस वर्षांचा लहान!"

मी हात वर केला. गलका थांबेना तेव्हा ओरडले, "अजून माझं संपलं नाही!" आणि मग सांगितलं. चोविसावं घर, जॅक्सन, पेन्सिल, मेजर, पोलक्यात घातलेलं पान. सगळं. "सरांचा मार्च यांनी चोरला. पण चोर पकडला जाणार होता त्या दिवशी त्याला सोडवलं ते मी. हे बघा, हे माझं अक्षर."

आता चर्चमध्ये पंखेही थांबले होते. मी अर्नेस्टीनबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या. सावकाश आल्या, माझ्या हातातून पान घेतलं, चष्मा वर करून सही पाहिली. त्या सहीवरून दोनदा बोट फिरवलं.

"पेन्सिलीचं त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही," त्या म्हणाल्या. माईक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "त्याच दिवशी घरी येऊन मला म्हणाले, पोरीला माझा सूर चुकलेला सोसला नाही, तिला मीच तसं शिकवलंय. त्यांना वाटत होतं, पानं सगळी जळाली. शेवटपर्यंत तसंच वाटत होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू दर रविवारी आमच्या मागच्या बाकावर बसायचीस, व्हर्लीन. अडतीस वर्षं. ते जिवंत होते."

मी तोंड उघडलं.

"दोन मिनिटं झाली तुझी," बाई म्हणाल्या. "खाली बस."

मी बसले. त्या पान घेऊन क्लीओफसपाशी गेल्या आणि त्याच्या स्टँडवर ठेवलं.

"शाईने लिहिलंय तसं वाजव. पेन्सिलीचं बघू नकोस."

क्लीओफस कावराबावरा झाला. "बाई, या सुरावरून सरांनी माझे कान उपटलेत. आणि आता त्यांच्या पेटीसमोर चुकीचा वाजवू?"

"चुकीचाच वाजव. त्यांना तो ऐकायचा होता."

मग बाई जागेवर गेल्या, आणि जाताना हॅडॉकच्या बाकापाशी थांबल्या. "तुम्हाला यासाठीच बोलावलं होतं, डेल. माझ्याकडे कागद नव्हता, पण मला वाटलं, त्यांच्या पेटीसमोर तरी तुम्ही स्वतःहून सांगाल. आता निदान ऐका तरी. चोविसावं घर."

डेनीशाने काठी उचलली. आम्ही एकोणीसजण, सगळे पन्नाशी-साठीचे, निम्म्यांचे दात नकली. पहिल्या फुंकेला चर्चच्या काचा थरथरल्या. डोळ्यांत पाणी असताना क्लॅरिनेट वाजवता येत नाही, ओठ घसरतात, म्हणून मी रडले नाही. घरं मोजत गेले. वीस, एकवीस, बावीस, तेवीस. आम्ही सगळे थांबलो.

क्लीओफसचा ट्रोम्बोन एकटा खाली उतरला, आणि तो सूर आला. अर्धा चढा, आंबट, दात शिवशिवणारा, चाळीस वर्षांपूर्वी मी शाईने लिहिला होता तसाच. तीनशे डोकी एकदम वर झाली. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "गॅथराइट!" अर्नेस्टीनबाईंनी डोळे मिटले.

हॅडॉक मात्र पुढं वाकून, कानामागे हात धरून बसला होता. तो सूर येऊन गेला, पुढची दोन घरंही गेली, तरी तसाच. मग त्याने शेजारच्या माणसाच्या दंडाला हात लावला. वाद्यांच्या आवाजातही त्याचे ओठ मला स्पष्ट वाचता आले.

"आला का?" तो विचारत होता. "झाला का तो?"

शेजारच्याने दंड काढून घेतला. बाईंनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी बँडकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, एकेकाला मान लववली. माझ्या खुर्चीपाशी त्यांची नजर आली आणि पुढच्या खुर्चीवर गेली.